मॅडमचं दुखणं

हिवराटोली, ता. तिरोडा
५ ऑगस्ट २०२४

इंद्रा, जय भीम.

मले फोन करू नको, म्हणून आधीच लिहिते. कानातलं यंत्र शिट्ट्या मारते, अन् समोरचा काय बोलते ते डब्यात खडे हालवल्यासारखं ऐकू येते. मोबाईलवर लिहून पाठवलं तं पहिले माझा प्रफुल्ल वाचते, मग मले दाखवते. पोरानं आईचं सगळंच वाचायची गरज नाही. म्हणून हे पाकीट.

मॅडम बरी नाही. पाच वर्षांआधी तू आणून दिलेली पांढरी कोंबडी, वाकड्या बोटाची. मी अंगणवाडीत खिचडी शिजवायला बसली की ही पोरांच्या ओळीतून मान ताठ करून फिरायची, म्हणून पोरांनीच ते नाव ठेवलं. मी मदतनीस म्हणून रिटायर झाली तेव्हा तीही माझ्यासोबत घरी बसली. आता तिचे हाल पाहावत नाहीत.

महिना झाला, अंडं नाही. ते जाऊ दे, वय झालं. पण पंधरा दिवसांपासून पोट फुगून राहिलं. हात लावला तं गरम पाण्याच्या पिशवीसारखं लागते. पाय फाकवून दोन पावलं चालते अन् बसते. मागची पिसं घाण होतात, मी धुते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ढोरांच्या दवाखान्यात नेली होती. टोपलीत घालून, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून. डॉक्टरनं टोपलीत वाकून पाहिलंसुद्धा नाही. "मावशी, मुर्गीले कोणी दवाखान्यात आणते काय? आज संध्याकाळी मसाला वाटा," म्हणे. बाजूचा कंपाउंडर हसला. त्याच्या तोंडात तंबाखूचा खर्रा भरला होता. हसताना लाळ हनवटीवर आली, ती त्यानं बोटानं पुसली, अन् त्याच बोटानं माझ्या टोपलीवरचं कापड नीट केलं. ते कापड मी घरी आल्यावर चुलीत टाकलं.

तू इतकी वर्षं अंड्यांच्या पोल्ट्रीत आहे, औषधपाण्याचं तूच पाहतो म्हणतो. सांग, काय देऊ तिले?

तुझी बाई,
धुरपता


फुलचूर, गोंदिया
९ ऑगस्ट २०२४

बाई, जय भीम.

पत्र आजच मिळालं. दवाखान्यातल्या लोकांचं मनावर घेऊ नको. त्यांच्याकडे गाई-म्हशींची रांग असते, कोंबडीसाठी थांबायला कोणाला वेळ नसतो.

तू लिहिलंस त्यावरून समजलं. अंड्याच्या कोंबड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. अंडं बाहेरच्या वाटेला न लागता पोटातच फुटतं आणि मग आत पाणी धरतं. तू असं कर. रोज एकदा कोमट पाण्यात थोडं मीठ टाकून तिला पोटापर्यंत बसव, मग कोरडी कर. गुळाचं पाणी पाज. जमिनीवर नको, पोतं अंथरून ठेव. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माशा बसू देऊ नको. मच्छरदाणीचा तुकडा टोपलीवर बांध.

मी स्वतः येऊन बघितलं असतं. पण आमच्या फार्मचा नियम आहे, इथे काम करणाऱ्याने घरच्या कोंबड्यांजवळ जायचं नाही. इकडचा रोग तिकडे जातो, तिकडचा इकडे येतो. साहेब कडक आहेत.

काळजी करू नको. ठीक होईल. फक्त कोणी काहीही म्हटलं तरी तिला कापून खाऊ नका. आत पू असतो.

प्रफुल्लला मामाचा जय भीम सांग.

तुझा,
इंद्रकुमार


हिवराटोली
१६ ऑगस्ट २०२४

इंद्रा,

तू सांगितलं ते सगळं करून राहिली. कोमट पाण्यात बसवली की तिले बरं वाटते. डोळे अर्धे मिटते. पण पोट उतरलं नाही, उलट आणखी मोठं झालं, अन् आता वास येते.

बावीस वर्षं मी अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांचं हगणं-मुतणं काढलं. एक दिवस नाकाले पदर लावला नाही. पण हा वास वेगळाच आहे. गोड आहे. सडलेल्या आंब्यासारखा गोड, अन् त्याच्याखाली काहीतरी मेलेलं. परवा तिले धुऊन झाल्यावर मी परसात जाऊन ओकली. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मले तिच्यासमोर लाज वाटली.

उदारामले तू ओळखतो. मोटरसायकलले दोन्हीकडून पिंजरे बांधून गावोगाव कोंबड्या घेते तो. प्रफुल्लनं त्याले बोलावलं, मले न विचारता. मी नळावर होती. भरली घागर घेऊन आली तं उदारामनं तिले पायांनी उलटी धरली होती. ते पोट तिच्या छातीवर लोंबून राहिलं होतं अन् चोचीतून पिवळं पाणी गळून राहिलं होतं. मले पाहून म्हणते, "काकू, कायले ठेवता हिले घरात? धाब्यावर चालून जाते. तिखट जास्त घातलं की कोणाले समजत नाही."

मी घागर तिथंच टाकली अन् तिले हिसकून घेतली. प्रफुल्ल म्हणे, "आई, मरणारच आहे तं कोणाच्या पोटात तरी जाईन."

हा माझा पोरगा. विजेच्या प्लांटवर ठेकेदाराच्या हाताखाली काम करून घरी आला की कोपरापर्यंत दोनदा साबण लावते, ताटाले डाग दिसला तं ताट परत करते. अन् अनोळखी लोकांले पू खाऊ घालायले तयार. त्या संध्याकाळी त्याच्या ताटात भाजी वाढताना माझा हात मागे आला. मी ताट त्याच्यासमोर ठेवून आत निघून गेली.

आता सरळ सांग. ठीक होईल असं तू लिहिलं. होईल काय? अन् नसेल होत, तं तुमच्याकडे अशा कोंबडीचं काय करतात? तिथं हजारो आहेत. सगळ्याच काही ठीक होत नसतील.

तुझी बाई


फुलचूर
२० ऑगस्ट २०२४

बाई,

ठीक होणार नाही. मला तुझ्या पहिल्या पत्रावरूनच कळलं होतं, पण लिहवलं नाही.

आमच्याकडे अशा कोंबडीला डॉक्टर इंजेक्शन देतात, झोपेचं. ती झोपते आणि तशीच जाते. तिला काही कळत नाही. तिकडच्या डॉक्टरांना विचारून बघ.

घाईत आहे, खाद्याची गाडी आली आहे.

इंद्रकुमार


हिवराटोली
२८ ऑगस्ट २०२४

इंद्रा,

तुझं इंजेक्शन मागायले गेली होती.

पुन्हा टोपली, पुन्हा ऑटो. ऑटोत एक बाई नाकाले रुमाल लावून बसली होती, ती अर्ध्या रस्त्यातच उतरली. दुसऱ्या गाडीनं येईन म्हणे. मी मान खाली घालून बसली. दवाखान्यात मात्र डॉक्टरले ठणकावून सांगितलं, "माझा भाऊ पोल्ट्रीत सुपरवायझर आहे. तिथं अशा कोंबडीले झोपेचं इंजेक्शन देतात. तुम्ही पण द्या."

तो खर्रावाला कंपाउंडर हसत सुटला. मले नीट ऐकू यावं म्हणून माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं बोलला, "मावशी, पोल्ट्रीत इंजेक्शन नाही देत. ड्रम राहते, ड्रम. जिंदाच फेकतात. वरून झाकण." त्याच्या तोंडाची वाफ माझ्या गालाले लागली. शब्द न शब्द ऐकू आला. यंत्रानं त्या दिवशी शिट्टी मारली नाही.

डॉक्टर त्याच्यावर ओरडला. पण "खोटं बोलू नको" असं काही म्हणाला नाही.

या खेपेला डॉक्टरनं तिले पाहिलं. हातमोजे घालून शेपटी वर केली. तिथं किडे होते, इंद्रा. पांढरे, तांदळाच्या कणीएवढे, खदखदून राहिले होते. मी रोज धुवत होती, मच्छरदाणी बांधत होती, तरी. त्यानं औषध टाकलं, चिमट्यानं जेवढे निघाले तेवढे काढले, अन् म्हणाला, "बाई, हे पुन्हा होतील. हिले आता हेच खातील, हळूहळू. कोंबडीसाठी ती दवाई माझ्याकडे नाही. कोणी जाणकार असेल तं हातानं एका सेकंदात होते. ते करवून घ्या, थांबू नका." तो वाईट माणूस नाही. थकलेला आहे.

आता मी काय केलं ते सांगते. कोणाले सांगितलं नाही.

परवा दुपारी मी टोपली परसात नेऊन ठेवली, मच्छरदाणी काढली, अन् शेजारी नंदाबाईकडे जाऊन बसली. मुद्दाम. म्हटलं, मांजर येईल, मुंगूस येईल. माझ्या मागे होऊन जाईल, मले पाहावं लागणार नाही. नंदाबाई डाळ निवडून राहिली होती, मी पण सुपाले हात लावला. तिच्याशी पाण्यापावसाचं बोलली. अर्धा तास झाला असेल.

परत आली तं कावळे होते. चार. एक टोपलीच्या काठावर बसून मागून टोचून राहिला होता. जिथं किडे होते, तिथंच. ती ओरडत नव्हती. डोळे मिटून मान पिसांत घालून बसली होती, जसं काही होऊनच नाही राहिलं.

मले उदारामची किळस आली होती, प्रफुल्लची आली होती, त्या कंपाउंडरच्या लाळेची आली होती. पण त्या दुपारी माझी स्वतःची आली, तशी कोणाचीच आली नव्हती.

अन् तुझी. तुले मी कडेवर घेऊन गावभर फिरली. तू मले खोटं लिहिलं. ड्रमचं खरं आहे काय?

धुरपता


फुलचूर
१ सप्टेंबर २०२४

बाई,

खरं आहे.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

ड्रम निळा आहे, प्लास्टिकचा. मी औषधपाण्याचं बघतो असं तुला सांगत आलो. पूर्वी बघायचो. सहा वर्षांपासून माझ्याकडे छाटणी आहे. रोज सकाळी शेडमधून फिरायचं. ज्या उठत नाहीत, ज्यांचं पोट मॅडमसारखं झालं, जी पिलं लंगडी निघाली, सगळी वेचून काढायची. आधी मुन्नालाल म्हणून एक म्हातारा होता, त्यानं मला हातानं करायला शिकवलं. मान लांब करून एकच झटका. पंख थोडे फडफडतात, पण तोवर ती गेलेली असते. मुन्नालाल म्हणायचा, "बेटा, जल्दी करो, लेकिन एक-एक करके करो." तो काम सोडून गेला. शेड दोनाच्या सहा झाल्या, माणसं तेवढीच राहिली. मग ड्रम आला. त्यात टाकायच्या, त्यांच्यावर आणखी टाकायच्या, झाकण लावून जेवायला जायचं. जेवून येईपर्यंत आवाज थांबलेला असतो. कधी कधी थांबलेला नसतो.

मला आता वास येत नाही. खरंच येत नाही. घरी सगळे म्हणतात, अंघोळ करून या. मी म्हणतो, केली. माझी पिंकी, पोटची पोरगी, माझ्या शेजारी जेवायला बसत नाही. मीही चमच्यानं जेवतो. दोन वर्षं झाली, वरण-भातसुद्धा चमच्यानं. लोकांना वाटतं, मी साहेब झालो.

आणखी एक सांगायचं राहिलं आहे. मॅडम मी बाजारातून आणली नव्हती. छाटणीतलं पिलू होतं ते, वाकड्या बोटाचं. हातात घेतलं तेवढ्यात कोणी तरी हाक मारली आणि मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. तुला वाटत असेल मला दया आली. तसं नाही. मी विसरलो. तुझ्या गावाच्या बसमध्ये बसल्यावर खिसा हलला तेव्हा आठवलं. तुला म्हटलं, बाजारात आवडलं म्हणून आणलं.

डॉक्टरांनी जाणकार माणूस शोधायला सांगितलं ना. तुझ्या ओळखीत तो मीच आहे. म्हणशील तर रविवारी आठ तारखेला येईन. दोन दिवस आधीपासून सुट्टी घेऊन घरी राहीन, धुतलेले कपडे घालीन, म्हणजे नियमाचंही पाहिल्यासारखं होईल. नको म्हणशील तर तेही समजेन.

तोवर टोपली उघडी ठेवू नको. कावळ्यांबद्दल तुला काही बोलायचा मला हक्क नाही.

इंद्रकुमार


हिवराटोली
४ सप्टेंबर २०२४

इंद्रा,

ये.

तुझं पत्र वाचलं अन् खाली ठेवलं, मग पुन्हा हातात घेववलं नाही. दिवसभर तिथंच पडून होतं. खरं लिहिते, मले तुझी किळस आली. आधी खोटं बोलला म्हणून आली होती, आता खरं बोलला म्हणून आली. पण दुसऱ्या कोणाले बोलावू? दुसरा करेल तो उदारामसारखं करेल.

रोज सकाळी वंदना घेते तेव्हा 'पाणातिपाता' म्हणते. जीव घेणार नाही म्हणते. अन् कोंबडीचा रस्सा पण जन्मभर खाल्ला आहे, तेव्हा कधी अडखळली नाही. या आठवड्यात रोज अडखळते. विहारात जाऊन भंतेजीले विचारावं असं मनात आलं. मग नाही गेली. ते चांगलंच बोलतील. मले चांगलं ऐकायचं नव्हतं. टोपलीत काय आहे ते मले दिसून राहिलं आहे. डॉक्टरनं सांगितल्यासारखे किडे पुन्हा झाले. मी सकाळ-संध्याकाळ चिमट्यानं काढते, ती आता पायही आखडत नाही. काल पाणी पाजलं तं चोचीतून तसंच बाहेर आलं.

उलटी धरायची नाही, अन् पोत्यात घालायची नाही. मी मांडीवर धरीन, तू कर. प्रफुल्लले त्या दिवशी बाहेर पाठवावं असं वाटलं होतं, पण त्याची सुट्टी आहे. राहो घरी. पाहू दे.

सकाळीच ये. तिले आणखी एक दुपार काढायले लावू नको.

धुरपता


हिवराटोली
१२ सप्टेंबर २०२४

इंद्रा,

नीट पोहोचला असेल. चहा न घेता गेला. बसची घाई असेल.

तू मले म्हणाला, डोळे मिट. मी मिटले नाही. तू तिच्या मानेले हात लावला तेव्हा मी तिले "मॅडम, सुट्टी झाली" म्हणून राहिली होती, पोरांले म्हणायची तसं. माझं म्हणून व्हायच्या आधीच झालं होतं. पंख तीनदा मांडीवर आपटले. मग ते पोट एकदम ढिलं पडलं अन् सगळं पाणी माझ्या लुगड्यावर आलं, पिवळं, कोमट. तू मागे सरला. मले त्याची किळस आली नाही. इतके दिवस येत होती, अन् नेमकी तेव्हा नाही आली.

आली ती नंतर. इतकं लवकर झालं त्याची. एक श्वास घ्यायले लागते तेवढ्यात. एवढंच होतं तं मी महिनाभर काय करून राहिली होती? गुळाचं पाणी, मिठाचं पाणी, ऑटो, टोपली. नंदाबाईले सांगायची, माझी माया आहे तिच्यावर. माया होती, पण पुरी माया नव्हती. मले ठरवायचं नव्हतं. तिचे इतके दिवस माझ्या भित्रेपणात गेले, अन् किडे तिले खाऊन राहिले होते, मले नाही. तू पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतं तं, असं मनात येते. पण तेव्हा मी ऐकलं नसतं. तुलेच चार शिव्या लिहून पाठवल्या असत्या.

तू गेल्यावर प्रफुल्लनं खड्डा केला. कमरेइतका. एवढा कायले म्हटलं, तं म्हणे, "कुत्रे उकरतात." चुना आणला, टाकला, माती दाबली. दुसऱ्या दिवशी उदाराम गाडी बंद न करताच दारातून ओरडला, "काकू, फेकली काय? मले देली असती." प्रफुल्ल बाहेर गेला. काय बोलला ते मले ऐकू आलं नाही, पण उदारामचं तोंड मले दिसत होतं. आता तो आमच्या गल्लीतून हॉर्न न वाजवता जाते.

हात दहादा धुतले. लिंबू चोळलं, राख चोळली. वास गेला की नाही ते मले समजूनच नाही राहिलं.

तुझी बाई


फुलचूर
२२ सप्टेंबर २०२४

बाई, जय भीम.

बसची घाई नव्हती. बसला पाऊण तास होता, मी फाट्यावर बसून राहिलो.

सगळं झाल्यावर मी तुला पाणी मागितलं. तू पेला माझ्या हातात न देता ओसरीवर ठेवलास. मी पिऊन ठेवला, तर तू तो उचलला नाहीस, पायानं बाजूला सरकवलास. तुझी चूक नाही. माझी पोरगी रोज हेच करते. लिहिणार नव्हतो, पण तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

सोमवारी कामावर गेलो. छाटणीच्या सत्तावन निघाल्या. ड्रमचं झाकण काढलं, पहिली आत टाकली, आणि मला वास आला. इतक्या वर्षांनी, सगळाच्या सगळा एकदम. भिंतीला धरून सगळ्यांसमोर ओकलो. हाताखालची पोरं हसली, "दादा, रात की उतरी नहीं क्या?" मी तोंड पुसलं आणि आत टाकलेली बाहेर काढली. हातानं केलं. मग बाकीच्या, एक-एक करून. जेवणाची सुट्टी त्यातच गेली.

तेव्हापासून रोज तसंच करतो. चौदा दिवस झाले. मनगटं सुजली आहेत, अंगठा थरथरतो, अक्षरावरून दिसतच असेल तुला. साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, "इतका वेळ लावणार असशील तर दुसरा माणूस बघतो." मी म्हटलं, बघा.

बाई, हे काम सोडू का? रोज सकाळी वाटतं, आजच सोडावं. वास परत आल्यापासून अन्न जात नाही. पण मी सोडलं की दुसऱ्या दिवशी ड्रम उघडणार. माझ्या जागी जो येईल त्याला मुन्नालालनं शिकवलेलं नसेल. त्याला हे वाईट आहे हेसुद्धा कोणी सांगणार नाही. मग मी राहिलो तर चांगलं की गेलो तर, मला समजत नाही.

तू सांगशील तसं करीन. दुसरं कोणी नाही विचारायला.

इंद्रकुमार


हिवराटोली
२६ सप्टेंबर २०२४

इंद्रा,

बसची घाई असेल असं मी लिहिलं, तेव्हाच मले माहीत होतं.

आपला बाप दुसऱ्याच्या धानावर कापणीले जायचा. तिथं त्याले पाणी वरून ओतून द्यायचे, ओंजळीत. कधी पेला दिलाच तं अंगणात ठेवून द्यायचे, अन् पिऊन झाल्यावर त्यानंच धुऊन पालथा घालायचा. तू लहान होता, तुले आठवत नाही. मी त्याच्यासोबत पेंढ्या बांधायले जायची, मी पाहिलं आहे. घरी आला की दोन-दोन पेले घरचं पाणी प्यायचा फक्त. इतकी वर्षं मी त्या लोकांच्या नावानं बोटं मोडली, जयंतीले समोर बसून भाषणं ऐकली, अन् माझ्या ओसरीवर माझ्या भावाले मीच तसं पाणी दिलं. पायानं पेला सरकवला. कावळ्यांच्या दुपारपेक्षा हे मले जास्त लागलं.

तुझ्या कामाचं. 'सोड' असंच लिहायले घेतलं होतं. मग त्या सत्तावन डोळ्यांपुढे आल्या. मी एका कोंबडीपायी महिनाभर रडली अन् तिचे हाल केले. तू मले न सांगता सत्तावन मोकळ्या केल्या, अन् पुन्हा दुसऱ्या दिवशी गेला.

लगेच सोडू नको. जे पोरं हसले त्यातल्याच दोघांले शिकव, मुन्नालालनं तुले शिकवलं तसं. समोर उभं राहून करवून घे. त्यांचा हात बसला की त्याच दिवशी सोड, मागे वळून पाहू नको. त्याच्या आधी साहेबानं काढलं तं काढू दे. मग ते पाप त्याच्या दारात. प्रफुल्लले तुझं सगळं वाचून दाखवलं, मीच. तो म्हणे, "मामाले म्हणा, कामाचं ठेकेदाराले मी विचारून ठेवतो." तो विचारेल.

रविवारी मी तुझ्याकडे येऊन राहिली, सकाळच्या गाडीनं. स्टेशनवर घ्यायले ये. पिंकीले सांग, आत्या सगळ्यांच्या पंगतीत जेवणार आहे, तुझा बाप माझ्या बाजूले बसेल अन् हातानं जेवेल. ज्याले उठून जायचं असेल त्यानं माझ्यासमोरून जावं.

जवसाचं तेल आणून राहिली, ओवा टाकून कढवलेलं. मनगटं चोळून देते.

किळस गेली असं समजू नको. तुझे हात डोळ्यांपुढे आले की अजून येते. येऊ दे. चोळता चोळता गेली तं गेली, नाही तं तिच्यासकट चोळीन.

तुझी बाई,
धुरपता